जोडीदाराच्या मायदेशात युद्ध, इथे घरात ताण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा देश युद्धात सापडला आहे, त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठे ‘तो’ लिहिलं आहे, कुठे ‘ती’. उत्तरं दोघांनाही सारखीच लागू आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही दोघं सुरक्षित देशात राहतो. युद्ध तिकडे, तिच्या माहेरी आहे. मग भांडणं आमच्यात का वाढली?

कारण एकाच छपराखाली एक माणूस आणीबाणीत जगतोय आणि दुसऱ्याचा मंगळवार नेहमीसारखा मंगळवार आहे. तिची झोप तुटलेली, लक्ष फोनकडे, बारीकसारीक गोष्टीवर चिडचिड. तुम्हाला मात्र कामावर जायचंय, बिलं भरायचीत, मुलांचा अभ्यास घ्यायचाय. ती म्हणते, “तुला काही वाटतच नाही.” तुम्ही म्हणता, “घर मी एकटाच ओढतोय.” दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असता आणि दोघंही दुखावले जाता.

याबाबत माझं मत ठाम आहे. रोजचा दिवस चालू ठेवणारा माणूस निर्दय नसतो, आणि ज्याला तो चालू ठेवणं जमत नाही तो कृतघ्न नसतो. घराला या काळात दोघांचीही गरज असते. भांडण युद्धावरून क्वचितच होतं. ते न धुतलेल्या भांड्यांवरून, उशिरावरून, मोठ्या आवाजातल्या टीव्हीवरून होतं. म्हणून एखाद्या शांत वेळी बसून उघड वाटणी करा: या महिन्यात कुठली कामं तुमची, कुठली तिची, आणि कुठली राहिली तरी बिघडणार नाही. दोन-तीन आठवड्यांनी ती वाटणी पुन्हा तपासा, कारण तिकडची परिस्थिती बदलली की इथली ताकदही बदलते.

२. तिने स्वतः तर काहीच पाहिलेलं नाही. मग इतका त्रास कसा होतो?

होतो, आणि वैद्यकशास्त्रही तो मानतं. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत आघाताच्या व्याख्येत, स्वतः सोसणं किंवा पाहणं याशिवाय, आणखी एक गोष्ट येते: जवळच्या नातेवाइकावर हिंसक प्रसंग ओढवल्याचं कळणं. म्हणजे भावाच्या इमारतीवर बॉम्ब पडल्याचा फोन येणं हा तिच्यावरचाही आघात असू शकतो. ती त्या शहरात असण्याची गरज नाही.

त्यात असहायतेची भर पडते. तिकडचा माणूस निदान पाणी भरून ठेवतो, तळघरात उतरतो, मुलांना घेऊन पळतो. इथे बसलेल्याला करण्यासारखं फार थोडं असतं.

३. तो रात्र रात्र बातम्या बघतो. फोन बंद कर म्हणून सांगू का?

बातम्यांचा अतिरेक बाधतो, यात शंका नाही. २०१३ मधल्या बॉस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटानंतर अमेरिकी संशोधकांनी केलेल्या पाहणीत असं दिसलं की, पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त होती. कशामुळे काय झालं हे अशा पाहणीतून पूर्ण सिद्ध होत नाही, पण सावध व्हायला एवढं पुरे आहे.

तरीही सरसकट ‘फोन बंद कर’ म्हणू नका. त्याच एका यंत्रात बातम्याही आहेत आणि त्याची आईसुद्धा. रात्री दोन वाजता तो काय बघत असतो? पुष्कळदा व्हॉट्सअॅपवरची एक करडी खूण. मेसेज गेला, पोचला नाही. वर ‘लास्ट सीन’ संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटं. तो बाहेर येतो, बातम्यांचं चॅनेल उघडतो, तिथे त्याच जिल्ह्यात स्फोट झाल्याचं वाचतो आणि पुन्हा त्या खुणेकडे येतो. हे चक्र पहाटेपर्यंत चालतं. एका खुणेचा अर्थ एवढाच असतो की समोरचा फोन बंद आहे किंवा नेटवर्क नाही. युद्धात वीज आणि टॉवर दोन्ही वारंवार जातात. हे त्यालाही माहीत असतं. रात्री दोन वाजता मात्र ते आठवून देणारं कुणी जागं लागतं.

मग या दोन गोष्टी वेगळ्या करा. घरच्या माणसांच्या फोनची आणि मेसेजची रिंग चालू ठेवा, बाकी सगळे अॅप रात्री गप्प करा. घरच्यांशी आधीच ठरवून टाका की सकाळी एक शब्द पाठवायचा: ‘ठीक’. इंटरनेट नसताना साधा एसएमएस पुष्कळदा निघून जातो, हे त्यांनाही सांगून ठेवा. आणि बातम्यांची एक पाळी तुम्ही घ्या. “मी अकरापर्यंत बघतो, तुझ्या गावाचं काही आलं तर उठवेन” असं म्हणालात आणि तो शब्द पाळलात, तर त्याला दोन-तीन तास तरी झोप लागते.

४. मी काय बोलू? काहीही बोललो तरी चुकतंच.

तीन वाक्यं टाळा. “सगळं ठीक होईल”: हे तुम्हाला माहीत नाही, आणि तिला माहीत आहे की तुम्हाला माहीत नाही. “निदान तू तरी इथे आहेस”: याच गोष्टीची तिला लाज वाटत असते (प्रश्न ५ पाहा). “त्यांनी आधीच निघायला हवं होतं”: म्हातारी माणसं, आजारी शेजारी, गुरंढोरं, आयुष्यभराची घरं मागे टाकून निघणं तुम्हाला वाटतं तितकं सोपं नसतं.

त्यापेक्षा नकाशा शिका. तिचं गाव कुठे, आघाडी तिथून किती लांब, मामा कुठे राहतो, जवळची सीमा कोणती. “तिकडे कसं आहे?” या प्रश्नाने ती दमते, कारण सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. “मामाच्या भागात वीज आली का?” या प्रश्नाला ती उत्तर देते. तो प्रश्न ऐकला की तिला कळतं, हा माणूस लक्ष ठेवून आहे.

आणि शंका असेल तर सरळ विचारा: “आत्ता नुसतं ऐकू, की काही करू?” उत्तर रोज वेगळं येईल.

५. ती हसत नाही, बाहेर येत नाही, जवळ आलो तर दूर होते. माझ्यावरचं प्रेम संपलं का?

बहुधा नाही. आपली माणसं तळघरात झोपलेली असताना आपण मऊ गादीवर झोपणंसुद्धा अनेकांना गुन्ह्यासारखं वाटतं. हसू आलं की लगेच ओशाळल्यासारखं होतं. शरीराचंही तसंच: सतत सावध असलेल्या माणसाला ढिलं पडणं जमत नाही, आणि शरीरसंबंधाला तेच लागतं.

तुम्ही नकार स्वतःवर घेतलात तर तिच्या अपराधीपणात आणखी एक अपराध जमा होतो. मागणी नसलेला स्पर्श चालू ठेवा: पाठीवर हात, शेजारी बसणं. “यापुढे काही व्हायला हवं असं नाही” हे एकदा स्पष्ट म्हणा. काही जणांचं उलट होतं, त्यांना जवळीक जास्त हवीशी वाटते. त्यातही वावगं काही नाही. बरेच महिने दोघांपैकी एकाला एकटं पडल्यासारखं वाटत असेल तर प्रश्न १५ पाहा.

६. माझ्याही अडचणी आहेत. ऑफिसात त्रास आहे, आई आजारी आहे. पण युद्धापुढे हे सांगायचं कसं?

सांगायचं. दुःखाची तुलना सुरू झाली की हरणारा ठरलेलाच असतो, आणि तो हळूहळू बोलणंच सोडतो. मला सगळ्यात जास्त काळजी अशा गप्प झालेल्या जोडीदारांची वाटते. वर्षभराने एके दिवशी ते म्हणतात, “मी या घरात नसल्यातच जमा होतो,” आणि समोरच्याला तोवर पत्ताच नसतो.

वेळ तेवढी बघा. तिकडून वाईट फोन आला त्या तासाला नको. “आज रात्री दहा मिनिटं माझ्याबद्दल बोलायचं आहे” असं आधी सांगितलं की ऐकणाऱ्याला तयारी करता येते. पुष्कळांना यातून उलट बरं वाटतं. आपण अजून कुणाच्या उपयोगाला येतो, हे त्यांना जाणवतं. शिवाय तुमचा सगळा भार तिच्यावरच टाकू नका, एखादा मित्र, बहीण, कुणीतरी बाहेरचंही असू द्या.

७. पगारातला मोठा भाग तिकडे जातो. विरोध केला तर मी क्रूर ठरतो. काय करावं?

पैसे पाठवणं थांबणार नाही, हे आधी मान्य करा. प्रश्न किती, कुठून आणि कुणाला विचारून, एवढाच आहे. दर महिन्याची एक ठरलेली रक्कम वेगळी काढा. तिचा हिशेब मागायचा नाही. त्यापलीकडच्या रकमेसाठी दोघांची संमती लागेल असं ठरवा. कर्ज काढून पाठवायचं की नाही, हे संकट येण्याआधीच बोलून ठेवा, कारण रुग्णालयातून फोन आला की शांतपणे विचार होत नाही. लपवून पाठवलेले पैसे उघडकीस येतात तेव्हा मोडतो तो विश्वास, आणि तो रकमेपेक्षा महाग पडतो.

मार्गाचाही विचार लागतो. मार्च २०२२ मध्ये युरोपियन युनियनने सात रशियन बँका स्विफ्टमधून (देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या संदेशजाळ्यातून) बाहेर काढल्या आणि साध्या कुटुंबांचे व्यवहारही अडकले. सुदानमध्ये एप्रिल २०२३ ला युद्ध पेटल्यावर बँकांच्या शाखा बंद पडल्या, लोक मोबाइल अॅपवर आले; फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभर नेटवर्क गेलं तेव्हा तेही थांबलं. म्हणून एकाच मार्गावर विसंबू नका. हवाला किंवा ओळखीच्या हातून पाठवणं अनेक देशांत बेकायदा आहे, आणि निर्बंध असलेल्या बँकेशी किंवा व्यक्तीशी झालेला व्यवहार तुमचं इथलं खातंही गोठवू शकतो. आधी आपल्या बँकेला लेखी विचारा.

८. सासू-सासऱ्यांना इकडे आणायचं म्हणते. मी नाही म्हणू शकतो का?

म्हणू शकता, पण नुसतं ‘नाही’ पुरणार नाही. ते ऐकून तिला वाटेल की तिच्या आईबापांच्या जिवापेक्षा तुम्हाला एक खोली महत्त्वाची आहे. ‘किती काळ, कुठे, कुणाच्या खर्चाने’ यावर बोला. शेजारी भाड्याने घर, तीन महिने आपल्याकडे मग वेगळं, दुसऱ्या मुलाकडे आळीपाळीने, असे पर्याय असतात.

निर्णयाला फार वेळ लावू नका, कारण दारं उघडतात तशी बंदही होतात. युरोपियन युनियनने २००१ सालचा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश पहिल्यांदा वापरला तो ४ मार्च २०२२ ला, युक्रेनमधून आलेल्यांसाठी. त्यातून राहण्याचा, कामाचा, शाळेचा आणि उपचारांचा हक्क मिळाला. त्याच दिवशी ब्रिटनने युक्रेनी कुटुंबीयांना बोलावण्याची योजना उघडली. १९ फेब्रुवारी २०२४ ला ती अचानक बंद झाली, आणि ‘बघू नंतर’ म्हणणारे बाहेर राहिले. बऱ्याच युद्धांमधल्या लोकांसाठी तर अशी दारं मुळात उघडतच नाहीत. तो अन्याय तिला दिसतो आणि सलतो. त्यावर वाद घालू नका.

आणखी एक. म्हातारी माणसं स्वतःच यायला नकार देतात, असं वारंवार घडतं. मग ती सगळा राग तुमच्यावर काढेल. त्या वेळी तो ऐकून घ्या.

९. तो परत जायचं म्हणतो. कधी लढायला, कधी आईला आणायला. मी अडवू का?

आधी दोन्ही गोष्टी वेगळ्या काढा. आईला सीमेवरून घेऊन येणं आणि सैन्यात भरती होणं यांचे धोके वेगळे आहेत. बरेचदा त्याला खरं तर काहीतरी करायचं असतं आणि जाणं हा त्याला दिसणारा एकच मार्ग असतो. इथे राहून कागदपत्रं, भाषांतर, औषधांची जमवाजमव, आलेल्यांना घर शोधून देणं, अशी कामं मिळाली की काही जणांची ओढ निवते. सगळ्यांची नाही.

कायद्याची बाजू मात्र त्याला नक्की वाचायला लावा. आत जाता येईल, पण बाहेर पडता येईलच असं नाही. २०२२ मध्ये मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागू होताच युक्रेनने १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडायला मनाई केली. २०२५ मध्ये २२ वर्षांपर्यंतच्या तरुणांना त्यातून सूट मिळाली. दुहेरी नागरिक असेल तर आणखी अडचण: १९३० च्या हेग करारापासून तत्त्व असं आहे की, माणूस ज्या देशाचाही नागरिक आहे त्या देशाविरुद्ध दुसरा देश त्याला राजनैतिक संरक्षण देत नाही. म्हणजे इथला पासपोर्ट तिथे ढाल ठरेलच असं नाही.

“तू गेलास तर मी सोडून जाईन” अशी धमकी देऊ नका. “तू गेलास तर मला काय काय एकटीने करावं लागेल” हे मात्र पूर्ण सांगा: घराचा हप्ता, मुलं, विमा, मृत्युपत्र. तो तुमचा हक्क आहे.

१०. माझा देश आणि तिचा देश एकमेकांविरुद्ध लढताहेत. किंवा, हल्ला करणारा देश माझाच आहे. हे नातं टिकेल?

टिकलेली अशी नाती पुष्कळ आहेत. रशिया-युक्रेन सीमेच्या दोन्ही बाजूंनी तर पिढ्यान्पिढ्या मिश्र कुटुंबं आहेत. पण ‘आपण त्यावर बोलायचंच नाही’ असा करार फार दिवस चालत नाही.

तुमच्या सरकारच्या कृत्यांचे वकील होऊ नका आणि आरोपीही होऊ नका. तिला रोज माफी नको असते. तिच्या माणसांवर जे झालं ते झालंच, हे तुम्ही फाटे न फोडता मान्य करावं एवढं हवं असतं. “पण तुमच्यांनीही...” या वाक्याने ती त्या रात्रीपुरती हरवते. तिनेही एक पाळायला हवं: तुमची आई म्हणजे तुमचं सरकार नव्हे. वाद चढला की थांबा. वैवाहिक नात्यांचे अभ्यासक जॉन गॉटमन सांगतात की, नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणूस ऐकूच शकत नाही आणि शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. परत कधी बोलायचं ते सांगून मगच खोलीबाहेर जा.

लोकांचा संशय वेगळा सोसावा लागतो. पहिल्या महायुद्धात जर्मन पुरुषाशी लग्न केलेल्या, ब्रिटनमध्येच जन्मलेल्या बायका कायद्याने ‘शत्रुदेशीय’ ठरल्या, त्यांना पोलिसांकडे नोंदणी करावी लागली. लग्नामुळे बायकोचं नागरिकत्व आपोआप बदलू नये हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या करारात यायला १९५७ उजाडलं. नातेवाइकांच्या जेवणात कुणी तिच्या देशावर टोमणा मारला तर उत्तर तुम्ही द्या, तिथल्या तिथे. घरी आल्यावर दिलेला दिलासा उशिराचा असतो.

११. मुलांना किती सांगायचं?

खरं, पण थोडं. लहान मुलाला ‘आजीच्या गावात लढाई चालू आहे, म्हणून आई रडते, तुझ्यामुळे नाही’ एवढं पुरतं. शेवटचा भाग गाळू नका. मुलं दोष स्वतःकडे घेतात. मोठ्यांना विचारू द्या आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. दृश्यं दाखवू नका. आजीशी व्हिडिओ कॉल असेल तर सायरन वाजू शकतो, हे आधी सांगून ठेवा.

१२. तिचा भाऊ बेपत्ता आहे. शोक करावा की आशा धरावी, तेच तिला कळत नाही. मला तर बोलायचीही भीती वाटते.

माणूस आहे की नाही हेच ठाऊक नसण्याच्या या अवस्थेचा अभ्यास अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांपासून सुरू केला. त्यांचं सांगणं असं की, इथे शेवटाची सक्ती करू नये. माणूस एकाच वेळी ‘तो गेला असेल’ आणि ‘तो परत येईल’ असं दोन्ही धरून जगू शकतो. म्हणून तुम्ही ‘आता स्वीकार’ म्हणू नका आणि ‘नक्की येईल’ असंही म्हणू नका. भावाबद्दल बोला. त्याचा वाढदिवस येतो तेव्हा तो विसरल्यासारखं वागू नका.

करण्यासारखं एक काम आहे. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती युद्धात ताटातूट झालेल्यांचा शोध घेते. १९१४ मध्ये जिनिव्हात युद्धकैद्यांसाठी उघडलेल्या कार्यालयापासून हे काम चालत आलं आहे. तुम्ही राहता त्या देशाच्या रेडक्रॉस किंवा रेड क्रेसेंट संस्थेत अर्ज करता येतो, पैसे लागत नाहीत. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, शेवटचं ठिकाण आणि शेवटचा संपर्क कधी झाला हे लिहून न्या. तिच्याबरोबर जा. पैसे घेऊन खबर देतो म्हणणारे मध्यस्थ अशा वेळी हमखास भेटतात; त्यांना दूर ठेवा.

१३. मुलं सुट्टीत तिकडे होती आणि युद्ध सुरू झालं. किंवा, ती मुलांना घेऊन माझ्या संमतीशिवाय निघून गेली. आता?

हा वकिलाचा प्रश्न आहे आणि उशीर महागात पडतो. मुलांना बेकायदा दुसऱ्या देशात नेण्याबद्दलचा १९८० चा हेग करार शंभराहून जास्त देशांत लागू आहे. दोन्ही देश त्यात आहेत का, हे पहिलं पाहावं लागतं. एक वर्षाच्या आत अर्ज केला तर मूल परत पाठवण्याची बाजू भक्कम असते. त्याच कराराच्या कलम १३ मध्ये मुलाला गंभीर धोका असेल तर परत न पाठवण्याची तरतूद आहे, आणि युद्धक्षेत्राचा मुद्दा तिथेच येतो. युद्ध चालू असताना मुलांना तिकडे न्यायचं असेल, थोड्या दिवसांसाठीही, तर दोघांची लेखी संमती घ्या.

१४. तो पिऊ लागलाय, दोनदा हात उगारला. युद्धाचा ताण आहे म्हणून सोसावं का?

नाही. ताणामुळे माणूस रडेल, गप्प होईल, भिंतीकडे बघत बसेल. मारहाणीला हे कारण चालत नाही. आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित करा, स्थानिक मदत क्रमांकावर बोला. त्याच्या उपचारांचा विचार त्यानंतर.

१५. समुपदेशकाकडे कधी जावं?

महिनाभराहून जास्त झोप, काम किंवा खाणं बिघडलेलं असेल. भयानक स्वप्नं, दचकणं चालू असेल. किंवा तुम्ही दोघं फक्त कामापुरतंच बोलत असाल, तर जा. ‘मी नसते तर बरं’ अशा अर्थाचं बोलणं कानावर आलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर किंवा संकटकालीन मदत क्रमांक गाठा.

तिला तिच्या भाषेतला समुपदेशक मिळाला तर उत्तम, ऑनलाइनही चालेल. पण तो युद्धातल्या कुठल्या बाजूचा आहे हे तिला महत्त्वाचं वाटू शकतं, तेव्हा निवड तिची असू द्या. दुभाषी लागला तर तुम्ही किंवा मुलांनी ते काम करू नये. तुमच्यासमोर ती सगळं बोलणार नाही.

१६. शस्त्रसंधी झाली. तरी ती पहिल्यासारखी झाली नाही. का?

गोळीबार थांबला की शोक सुरू होतो. तोवर वेळच नव्हता. कोण गेलं, कुठलं घर उरलं, कोण परत येणार नाही, याचा हिशेब आता लागतो. पुष्कळ जण याच टप्प्यावर कोसळतात आणि जोडीदाराला नेमकं तेव्हा वाटतं की आता संपलं, आता माझी पाळी. तुमची पाळी आहेच (प्रश्न ६). पण ती पहिल्यांदा तिकडे जाईल तेव्हा तिच्याबरोबर जा, शक्य असेल तर. पडलेली गल्ली तुम्ही स्वतः पाहिलीत, तर पुढे तिला ती तुम्हाला समजावून सांगावी लागणार नाही.

१७. मला वेगळं व्हायचं आहे. युद्धाच्या काळात सोडणं म्हणजे पाप नाही का?

युद्धाआधीच नातं संपलेलं असेल तर केवळ दयेपोटी ते ओढणं दोघांनाही जड जातं, आणि दया लपत नाही. युद्धानंतरच बिनसलं असेल, तर शक्य तिथे मोठा निर्णय पुढे ढकला आणि आधी प्रश्न १५ चा मार्ग वापरून पाहा. (प्रश्न १४ लागू असेल तर थांबण्याचा सल्ला तुमच्यासाठी नाही.)

निर्णय पक्का असला तरी एक तपासाच: तिचा इथे राहण्याचा परवाना लग्नावर अवलंबून आहे का? असेल तर घटस्फोटाचा कागद तिला युद्धात परत पाठवू शकतो. अनेक देशांत स्वतंत्र परवाना, मानवतेच्या आधारावरची मुदत किंवा आश्रयाचा अर्ज असे मार्ग असतात. अर्ज दाखल करण्याआधी तिला स्थलांतर कायद्याच्या वकिलाकडे जायला वेळ द्या, आणि तिचा पासपोर्ट, जन्मदाखला, विवाह नोंदणीचा दाखला तिच्याच हातात द्या. तिकडचं नोंदणी कार्यालय बंद असेल किंवा जळालं असेल, तर त्या कागदांची दुसरी प्रत मिळणं फार अवघड होतं.